चेंडू फिरला की डाव फिरतो

टेबल टेनिसच्या चेंडूचं वजन २.७ ग्रॅम. इतक्या हलक्या चेंडूची खरी ताकद त्याच्या गिरकीत असते. कसलेल्या खेळाडूने लूप, म्हणजे खालून वर घासत चेंडू फिरवणारा फटका, मारला की चेंडू सेकंदाला शंभराहून जास्त गिरक्या घेतो. समोरच्याने नुसती बॅट उभी धरली, तर तो थेट छताच्या दिशेने उडतो. नवख्याला वाटतं, आपला हात चुकला. हात ठीक असतो, चेंडू वाचायचा राहिलेला असतो. आणि हे वाचन माळशेज घाटाजवळच्या डिंगोरे गावच्या शाळेतलं पोरगंही शिकू शकतं, त्यासाठी पुण्याचं बालेवाडी क्रीडासंकुल गाठायची गरज नाही.

मुंबईत बॅट मुकी झाली

डिंगोऱ्याहून माळशेज घाट उतरून, कल्याणमार्गे मुंबई काही तासांवर. त्या मुंबईत फेब्रुवारी १९५२ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, आशियातली पहिलीच. तिथे जपानचा हिरोजी सातो नावाचा फारसा कुणाला माहीत नसलेला, चष्मेवाला खेळाडू जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरला. तोवर लाकडावर दाणेदार पातळ रबर असायचं, फटक्याचा ‘टक्‌’ आवाज यायचा आणि फटका किती जोराचा हे निम्मं कानच सांगायचे. सातोच्या बॅटला आवाजच नाही! मातब्बर गोंधळले. अंतिम सामन्यात हंगेरीच्या योझेफ कोचियानला हरवून सातो जगज्जेता झाला.

नुसत्या स्पंजवर १९५९ मध्ये बंदी आली, पण स्पंजवर रबर चिकटवायला परवानगी मिळाली. हे रबर गुळगुळीत बाजू वर करून लावलं, की चेंडू त्यात क्षणभर रुततो, रबर त्याला धरून ठेवतं आणि फिरवून सोडतं. १९६० च्या सुमारास जपानी खेळाडूंनी यातून लूप घडवला. आजच्या खेळाची ही वाट मुंबईतून निघाली, हे आपल्याकडे किती कमी सांगितलं जातं!

हवा ढकलते कुठे?

टॉपस्पिनचा चेंडू पुढच्या दिशेने गिरकी घेतो. त्याच्या फिरण्याने हवा वर वळते आणि चेंडू खाली दाबला जातो. म्हणून तो लवकर वाकतो, टप्पा पडला की पुढे झेपावतो. कट दिलेला चेंडू उलट फिरतो, हवेत तरंगल्यासारखा येतो आणि टप्प्यावर ब्रेक लागल्यासारखा अडखळतो. जर्मन शास्त्रज्ञ माग्नुस यांनी १८५२ मध्ये याचा अभ्यास केला, म्हणून त्यांचं नाव या परिणामाला मिळालं. क्रिकेटमधला झहीर खानचा स्विंग मात्र वेगळा, तो शिवणीचा खेळ. दोन्ही एकच समजू नका.

मग परतवायचा कसा?

टॉपस्पिन आला तर बॅट झाका, म्हणजे तिचं तोंड थोडं टेबलाकडे झुकवा आणि हात शांत ठेवा. कट आला तर बॅट उघडा आणि चेंडूच्या खालून पुश करा, नाहीतर खालून वर घासत उचला. बॅट उभी ठेवलीत तर चेंडू जाळीत.

साइडस्पिनला, म्हणजे आडव्या गिरकीला, मुलं सगळ्यात जास्त घाबरतात, आणि त्याचाच तोडगा सगळ्यात सोपा. सर्व्ह करणाऱ्याची बॅट जिकडून निघाली, तिकडे चेंडू परतवा. त्याची बॅट त्याच्या उजवीकडून डावीकडे गेली असेल, तर तुमच्या बॅटवरून चेंडू त्याच्या डावीकडे सरकेल. तुम्ही उजवीकडे नेम धरलात की तो टेबलावर राहील. चेंडूकडे बघण्याआधी बॅटकडे बघा, हे प्रत्येक सरावात पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

चेंडूवर छापलेला शिक्काही चुगली करतो. शिक्का दिसला तर चेंडू फारसा फिरत नाही, पुसट झाला तर सावध.

आणि फसवणूक? हात तसाच फिरतो, पण बॅटच्या टोकाजवळ चेंडू लागला तर जबर कट, मुठीजवळ लागला तर जवळजवळ काहीच नाही. टोकाचा वेग जास्त, म्हणून.

लाल-काळं का?

काही खेळाडू बॅटच्या दोन बाजूंना वेगळ्या स्वभावाची, पण एकाच रंगाची रबरं लावायचे आणि रॅलीत बॅट फिरवायचे. कोणत्या बाजूने फटका बसला हे आवाजावरून ओळखू नये म्हणून सर्व्ह करताना पायही आपटायचे! ऐंशीच्या दशकात एक बाजू लाल, दुसरी काळी असा नियम झाला. आता लालऐवजी गुलाबी, जांभळा, हिरवा, निळाही चालतो, दुसरी बाजू काळीच.

लांब दाण्यांच्या रबराची गंमत वेगळी. गुळगुळीत रबर चेंडूची गिरकी उलटवतं. लांब दाणे वाकतात, गिरकी तशीच राहते, पण चेंडूची दिशा उलटल्याने तुमचा टॉपस्पिन तुमच्याकडेच कट होऊन येतो. मनिका बत्राने दाणेदार रबराच्या बॅकहँडवर २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचं सुवर्ण जिंकलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुसानला ऐहिका मुखर्जीने जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या सुन यिंगशाला हरवलं, तेही वेगळ्या स्वभावाच्या रबराच्या जोरावर. चीनच्या अव्वल खेळाडूला एक रबर कोड्यात टाकतं, यापेक्षा थरारक काय असेल!

स्पिनचा हा कहर आवरायला चेंडू मोठा केला गेला. २००० मध्ये ३८ मिलिमीटरचा ४० झाला. पुढे २०१४ मध्ये सेल्युलॉइड जाऊन प्लास्टिक आलं. २००२ पासून सर्व्ह करताना चेंडू समोरच्यापासून लपवता येत नाही. शिवाय तो किमान १६ सेंटिमीटर वर उडवावाच लागतो.

टेबल नसलं तरी

शाळेचा व्हरांडा पुरे. चेंडू वर उडवा, खालून पातळ घासून कट द्या आणि पुढे फरशीवर पडू द्या. कट खरा असेल तर चेंडू मागे वळून तुमच्याकडे येतो. नाही आला तर बॅट घासलीच नाही, आपटली.

टेबल असेल तर एकाने फक्त सर्व्ह करावी, दुसऱ्याने बॅट न घेता चेंडू झेलावा आणि टप्पा पडण्याआधी ओरडावं: ‘कट!’, ‘टॉप!’, ‘साधा!’ तोंड आधी बरोबर येऊ लागलं की हात मागोमाग येतो.

आषाढ-श्रावणात माळशेजकडून धुकं उतरलं की रबरावर दमट थर बसतो, चेंडू घसरतो आणि ओळखीचा कटही गायब होतो. उन्हाळ्यात तेच काम धूळ करते. खेळून झाल्यावर ओल्या स्पंजने रबर पुसा, सावलीत वाळू द्या आणि वर प्लास्टिकचा पातळ कागद लावून ठेवा. पावसाळ्यात खिशात एक कोरडा रुमाल असू द्या. नियमाप्रमाणे दर सहा गुणांनंतर घाम पुसायला थोडा वेळ मिळतो, त्यात बॅटही पुसून घ्या.