माहितीची झाडाझडती

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मार्चअखेर जवळ आली, की आमच्या पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत मोजदादीची लगबग सुरू होते. स्टोअरमधले खोके खाली उतरतात, बेअरिंगे मोजली जातात, पत्र्याच्या मांडणीवर खडूने आकडे पडतात. मी राहतो संत तुकाराम नगरमध्ये. बी.ए. होऊन कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकुनी केली आणि उरलेल्या वेळात मराठी कविता. त्यामुळे ही मोजदाद जवळून पाहिली आहे. एका बोल्टाचा हिशेब लागला नाही, तर तीन सह्या घ्याव्या लागतात. मात्र त्याच कारखान्यातला तीस वर्षांचा फिटर निवृत्त होतो, तेव्हा त्याच्याबरोबर काय बाहेर गेले याची नोंद कुठल्याही वहीत होत नाही. त्याला शाल, नारळ आणि घड्याळ देतात, गेटपास जमा करून घेतात. डोके जमा करून घेता येत नाही.

या न मोजलेल्या मालाचीही मोजदाद करता येते. व्यवस्थापनाच्या भाषेत तिला ‘नॉलेज ऑडिट’ म्हणतात. मी तिला माहितीची झाडाझडती म्हणतो. ऑडिट म्हटले की आपल्याला लाल शाईच्या खुणा आठवतात आणि पोटात गोळा येतो. पण हा शब्द मूळ लॅटिन, आणि त्याचा अर्थ आहे ‘ऐकणे’. जुन्या काळी हिशेब मोठ्याने वाचून दाखवत आणि तपासणारा तो ऐकून घेई. आपल्याकडचे हिशेब, दफ्तर, फडणीस, खबर हे शब्द अरबी-फारसीतून येऊन मराठीत इतके मुरले आहेत, की त्यांना कुणी गाव विचारत नाही. किर्लोस्करवाडीहून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, ते मुळात कारखान्याचेच पत्रक होते. कारखान्यातली खबर सर्वांपर्यंत जावी, एवढ्यासाठी निघालेल्या त्या पानांचे पुढे मराठीतले एक मोठे मासिक झाले. तेव्हा कंपनीने आपली माहिती वाटून घ्यावी, ही कल्पना आपल्याला परकी नाही.

तपासणी करणारा प्रथम विचारतो, की हे काम चालायला कुणाला कोणती माहिती लागते. मग ती कुठे आहे ते शोधतो : वहीत, संगणकात, ड्रॉइंगवर, की कुणाच्या तरी डोक्यात? त्यानंतर खरा प्रश्न येतो. अडले, की तुम्ही कुणाला विचारता? इथे मोठी गंमत असते. कंपनीच्या भिंतीवर साहेबांच्या चौकटींचा तक्ता टांगलेला असतो. वर मोठा साहेब, खाली छोटे साहेब, सगळ्यांत खाली माणसे. पण कामगारांची उत्तरे घेऊन ‘कोण कुणाला विचारतो’ याच्या रेघा कागदावर ओढल्या, तर निराळाच नकाशा तयार होतो. सगळ्या रेघा जाऊन मिळतात त्या एखाद्या वयस्कर इलेक्ट्रिशियनपाशी, टूलरूममधल्या एखाद्या मुलीपाशी, नाहीतर चहाच्या टपरीपाशी. हा नकाशा हाती लागला, की तपासणीचे निम्मे काम झाले.

आमच्या स्टोअरला एक मामा होते. मला ते ‘शायर’ म्हणायचे. ‘शायर, यादीत असतं ते सामान, आणि मला ठाऊक असतं ते स्टोअर,’ असे त्यांचे बोलणे. एका जुन्या लेथला लागणारे पितळी बुश नव्या लेथच्या बुशापेक्षा किंचित लहान होते, पण दोन्हींचा कोड नंबर एकच पडला होता. मामांनी जुने बुश वेगळे काढून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले. ते निवृत्त झाले आणि नोंदी संगणकावर गेल्या. एक दिवस तो लेथ अडला. संगणक म्हणे, माल शिल्लक आहे. मांडणीवरचा बुश बसेना. खरेदीची चिठ्ठी निघाली, दर मागवले, लेथ अकरा दिवस उभा राहिला. शेवटी एकाने मामांच्या घरी फोन लावला. मामा म्हणाले, ‘अरे बाळा, वरच्या फळीवर डबा आहे बघ.’ डबा होता. संगणक खोटे बोलत नव्हता, त्याला डबा माहीत नव्हता.

हंगेरीत जन्मलेले शास्त्रज्ञ आणि विचारवंत मायकेल पोलानी यांनी यावर सखोल लिहिले. माणसाला जेवढे सांगता येते त्याहून अधिक येत असते, असा त्यांचा विचार. सायकल चालवता येते, पण तोल कसा सांभाळतो ते सांगा म्हटले, तर आपण अडखळतो. जपानचे इकुजिरो नोनाका यांनी हाच धागा कारखान्यात नेला. त्यांनी सांगितलेली मात्सुशिता कंपनीची हकीकत प्रसिद्ध आहे. १९८५ च्या सुमारास ही कंपनी घरी पाव करण्याचे यंत्र बनवत होती. पाव बाहेरून करपायचा आणि आतून कच्चा राहायचा. कणकेचे क्ष-किरण फोटो काढून झाले, उपयोग झाला नाही. तेव्हा इकुको तानाका ही कंपनीची कर्मचारी ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे उमेदवारीला जाऊन बसली. कणीक ताणताना तो तिला विशिष्ट पीळ देतो, हे तिने हेरले. पाववाल्याने ते कधी कुणाला सांगितले नव्हते, कारण सांगण्यासारखे काही आहे असे त्यालाच वाटत नव्हते. यंत्राच्या भांड्याला आतून उंचवटे बसवले आणि पाव जमला. १९८७ साली यंत्र बाजारात आले.

उलट टोकाचे उदाहरण अमेरिकेचे. तिथल्या अण्वस्त्रांत ‘फॉगबँक’ या टोपणनावाचा एक पदार्थ वापरत. जुनी अस्त्रे दुरुस्त करताना तो पुन्हा बनवायची वेळ आली, तेव्हा कळले की तो कसा बनवायचा हे देश विसरला आहे. नोंदी अपुऱ्या, जाणकार निघून गेलेले, कारखाना मोडलेला. कोट्यवधी डॉलर आणि कित्येक वर्षे गेली. पुढे उमगले, की जुन्या कच्च्या मालात एक अशुद्धी असायची आणि तिच्यामुळेच पदार्थ जमायचा. नव्या पद्धतीत कच्चा माल जास्त स्वच्छ केला जात होता. त्या अशुद्धीचे महत्त्व जुन्या लोकांनाही माहीत नव्हते, मग ते वहीत येणार कुठून? अस्त्र विसरले गेले याचे मला दुःख नाही, पण धडा घेण्याजोगा आहे.

आमच्या शेजारच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा विचार केला, की मात्र मन खिन्न होते. ही कंपनी १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभी राहिली आणि १९५५ पासून पिंपरीत पेनिसिलीन तयार होऊ लागले. तिच्या प्रयोगशाळेत डॉ. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी बुरशीवरचे एक औषध शोधले, ‘हॅमायसिन’. त्यातला ‘हॅ’ कंपनीच्या नावातून आला. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याचे शास्त्रीय नाव ‘स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना’. आपल्या गावचे नाव असे शास्त्राच्या दफ्तरी लागले आहे, हे इथल्या किती मुलांना ठाऊक असेल? पुढे कंपनी आजारी उद्योगांत गणली गेली, आणि कित्येकांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. औषधाचे शोधनिबंध ग्रंथालयात राहतात. पण किण्वनाच्या टाकीपाशी वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या माणसाला वासावरून, फेसावरून जे आधी कळते, ते निबंधात नसते. स्वेच्छानिवृत्तीच्या हिशेबात सेवेची वर्षे मोजतात. त्या वर्षांत काय साठले ते मोजायचे कलम कुठल्या योजनेत असल्याचे मी ऐकले नाही.

गुणवत्तेच्या आयएसओ ९००१ या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत मात्र असे एक कलम आले, ७.१.६. कामासाठी कोणते ज्ञान लागते ते कंपनीने ठरवावे, जपावे आणि गरजेप्रमाणे उपलब्ध करून द्यावे, असे ते सांगते. भोसरी आणि चाकणमध्ये मोटारींचे सुटे भाग करणाऱ्यांना मोठ्या कंपन्यांची कामे मिळवायची, तर अशा प्रमाणपत्रांवाचून चालत नाही. पण कलमाचे पालन अनेकदा कागदावर उरकते. एक तक्ता भरतात, ‘अनुभवी कर्मचारी : आहेत’ असे लिहितात आणि फाईल बंद करतात.

याला आळस म्हणून सोडून देता येणार नाही. मूळ अडचण भीतीची आहे. कंत्राटावरच्या पोराला अकरा महिन्यांनी ब्रेक मिळणार असतो. यंत्राची एखादी खुबी त्याला सापडली, तर ती त्याने का सांगावी? तीच खुबी त्याला परत बोलावण्याचे एकमेव कारण असू शकते. कायम कामगारालाही वाटते, की सगळे लिहून दिले तर उद्या आपली गरज काय? साहेब लोकांचे दरवाजे तर याहून घट्ट. पुढच्या महिन्यात कोणती ऑर्डर येणार हे दोघांनाच ठाऊक असते आणि तेवढ्यावर त्यांचा रुबाब चालतो. म्हणून झाडाझडती खालून सुरू केली आणि वर गेलीच नाही, तर ती फसते. ‘तुझे सांग, माझे विचारू नकोस’ हा व्यवहार कामगाराला पहिल्या दिवशीच कळतो. ज्याने सांगितले त्याचे नाव त्या पद्धतीला द्यावे, शिकवण्याचा वेळ कामाच्या तासांत धरावा आणि शिकवणाऱ्याची नोकरी त्यामुळे जाणार नाही हे लेखी द्यावे. यातले शेवटचे सर्वांत अवघड आहे, हे मला कळते.

तुकोबांच्या अभंगांची आठवण इथे येते. परंपरा सांगते, की ते लिहून ठेवणारे संताजी जगनाडे हे चाकणचे. धंदा तेलाच्या घाण्याचा. वही इंद्रायणीत बुडाली तरी अभंग लोकांच्या मुखी होते आणि ते कागदावर उतरवणारे हातही होते. दोन्ही असल्यामुळे ते आपल्यापर्यंत पोचले.

दहा माणसांचे वर्कशॉप चालवणाऱ्याला यासाठी सल्लागार लागत नाही. पुढच्या दोन वर्षांत कोण निवृत्त होणार, कुणाच्या रजेने काम अडते, एवढे वहीत लिहिले तरी सुरुवात होते. निरोपाच्या दिवशी मुलाखत घेण्यात अर्थ नाही, तोवर माणसाचे मन घरी पोचलेले असते. वर्षभर आधी त्याच्याजवळ एक तरुण मुलगा उभा करावा, आणि त्या मुलाला प्रश्न विचारायची मुभा द्यावी.

आणखी एक. असल्या तपासणीचे अहवाल पुष्कळदा इंग्रजीत होतात. यंत्रावर लावलेल्या सूचनाही इंग्रजीत. यंत्रापुढे उभा असतो तो लातूरचा, कलबुर्गीचा, छपऱ्याचा मुलगा. प्रश्न त्याला मराठीत नाहीतर हिंदीत विचारले, उत्तरे त्याने दिली आणि त्यांचा निष्कर्ष त्याला न वाचता येणाऱ्या भाषेत साहेबांच्या कपाटात गेला, तर ऑडिटचा मूळ अर्थच हरवला. अहवाल कॅन्टीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत, त्या मुलांच्या भाषेत मोठ्याने वाचावा. कुठे चुकले ते तीच मुले सांगतील.