तांब्यात मिसळले आहे तरी काय?



आपल्या घरी मांडणीवर तांब्याची घागर, पितळेची परात आणि काशाची वाटी शेजारी शेजारी असतात. तिन्हींत मुख्य धातू तांबेच. त्यात जस्त मिसळले की पितळ होते; चार भाग तांब्याला साधारण एक भाग कथील मिसळले की कासे. घरची बाई रंगावरून आणि नादावरून ही भांडी सहज ओळखते. पण तीच वाटी दोन-तीन हजार वर्षे मातीत पडून हिरवी झाली, तर ओळखायची कशी?

नुसत्या रंगावर विसंबून चालत नाही. जुन्या जपानी तलवारींच्या मुठीवरचे काही नक्षीकाम काळेभोर दिसते. आपल्याला वाटावे, हे लोखंडच! प्रत्यक्षात ते तांबे असते आणि त्यात शेकडा चार-पाच भागांच्या आसपास सोने असते. तो काळा थर कारागिराने मुद्दाम रसायनात उकळून आणलेला असतो. कुणी चिंच लावून तो घासला, तर कारागिरीच पुसली जाईल.

म्हणून प्रयोगशाळेत वस्तूवर क्ष-किरण सोडतात. प्रत्येक मूलद्रव्य त्याला आपापल्या ठरावीक किरणांनी उत्तर देते. त्यावरून कोणता धातू किती, हे कळते. मात्र हे किरण वरचाच थर पाहतात. गंजलेली वस्तू असेल तर आतला राईएवढा कीसही तपासावा लागतो.

या तपासणीतून काय कळते आणि काय कळत नाही, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. प्रवरेच्या काठी, पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, दायमाबाद नावाचे ठिकाण आहे. तेथे १९७४ साली झुडपाच्या मुळाशी खणताना गावकऱ्याला चार ओतीव वस्तू मिळाल्या : बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन ६० किलोंहून अधिक. पुढे सा. आ. साळी आणि म. के. ढवळीकर या पुरातत्त्वज्ञांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या, म्हणजे सुमारे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या.

पण धातूची तपासणी झाली, आणि त्यात शेकडा एक भागाहून अधिक आर्सेनिक, म्हणजे सोमलातले मूलद्रव्य, आढळले. त्याने तांबे कठीण होते. त्या काळातल्या इथल्या इतर तांब्याच्या वस्तूंत अशी भेसळ दिसत नाही, तेव्हा या वस्तू नंतरच्या असाव्यात, अशी शंका डी. पी. अगरवाल यांनी १९७८ साली मांडली. तिकडे हडप्पा संस्कृतीच्या काही ठिकाणी आर्सेनिकयुक्त तांबे मिळालेले आहे. मग खरे काय मानायचे?

अडचण अशी की, तपासणी वस्तू 'कशाची' ते सांगते. 'केव्हाची' ते एकटी सांगू शकत नाही. ते सांगते भोवतालची माती. वस्तू कोणत्या थरात होती, शेजारी कोणती खापरे, कोणता कोळसा होता, यावरून काळ ठरतो. दायमाबादच्या त्या चार वस्तू शास्त्रीय उत्खननात, थर नोंदवत निघाल्या नव्हत्या. म्हणून वाद राहिला. यात त्या गावकऱ्याचा काही दोष नाही, बरं का. त्याला हे कोण सांगणार होते?

आपल्याला मात्र आता ठाऊक झाले. आपल्या वर्धा जिल्ह्यात पवनारला १९६७ साली नागपूर विद्यापीठाने उत्खनन केले; खैरवाड्याला प्राचीन दगडी वर्तुळे आहेत. तेव्हा उद्या आपल्याही नांगराला काही लागू शकते. लागले तर घासू नका, वितळवू नका, मोडीत देऊ नका. शक्य तर जागचे हलवूही नका. शाळेतल्या गुरुजींना दाखवा, तहसील कचेरीत कळवा. दहा रुपयांहून अधिक मोलाचे भूमिगत धन सापडले तर कलेक्टरला कळवावे, असे १८७८ चा कायदा सांगतो. सापडवणाऱ्याचा हक्कही तोच कायदा सांगतो.

आणि गुरुजी, वर्गात एकदा तांबे, पितळ, कासे शेजारी ठेवून मुलांना वाजवून दाखवा. धातू ऐकायला शिकलेले मूल हिरवा तुकडा फेकून देणार नाही.