जुळवून कोणी घ्यायचे?

दहावी झालेल्या मुलांच्या सत्कारात प्रत्येक वक्ता एक वाक्य हमखास उच्चारतो : 'आता कॉलेजच्या वातावरणाशी जुळवून घ्या.' तीस वर्षे शिकवताना मीही ते पुष्कळदा उच्चारले आहे. पण हे वातावरण म्हणजे नेमके काय, ते कोणाच्या जगण्यातून आले आणि त्याच्याशी जुळवून घेण्याचे ओझे दरवेळी एकाच बाजूच्या पोरांवर का पडते, याचा उलगडा तिथे कोणी करीत नाही. हार होतो, वही-पेन मिळते आणि जूनमध्ये पोरगा एकटाच कॉलेजच्या फाटकात उभा राहतो.

मी ठाकुर्लीचा. कल्याण आणि डोंबिवली यांच्या मधले हे लहान स्टेशन. फास्ट लोकल इथे थांबत नाही. त्या काळी रेल्वेचे चोळा पॉवर हाऊस, रेल्वेच्या चाळी आणि त्यांच्या आडोशाने वाढलेली वस्ती एवढेच आमचे जग. वडील पॉवर हाऊसमध्ये कोळशावर होते. मी 1978 साली दहावी झालो. नव्या दहावीची पहिली परीक्षा 1975 साली झालेली. म्हणजे अकरावीला कॉलेजात जायचे ही गोष्टच नवी. चाळीत जुने मॅट्रिक दोघे होते, पण त्यांची अकरावी शाळेतच झाली होती. तेव्हा विचारायचे कोणाला?

शाळेचे नियम बोलून दाखवलेले असतात. घंटा वाजते, हजेरीत नाव पुकारले जाते, गैरहजर राहिले तर गुरुजी चाळीत येऊन बापाला विचारतात. आमच्या शाळेत जात सगळ्यांना ठाऊक होती. तिचे चटकेही बसत. पण तिथे निदान आपण कोण आहोत हे रोज नव्याने सिद्ध करावे लागत नव्हते. कॉलेजात नावाचा नंबर झाला. नियम नोटीस बोर्डावर गेले, आणि खरे महत्त्वाचे नियम तर कुठेच लिहिलेले नव्हते. स्टाफरूमच्या दारात उभे राहून प्राध्यापकांना शंका विचारता येते, ग्रंथालयात कपाटापर्यंत न जाता मागणीची चिठ्ठी भरायची असते, तास बुडाला तर कोणाच्या तरी वहीतून नोट्स उतरवायच्या असतात. ज्याचे काका, आत्या, थोरला भाऊ कॉलेजात गेलेले असतात त्याला हे जेवताना, बोलताबोलता कळते. आपल्याजवळ काही भांडवल आहे असे त्याला वाटतही नाही. आपल्या पोराला मात्र ते ठाऊक नसले की तो स्वतःलाच मठ्ठ समजू लागतो.

भाषेचे तेच. शाळेत 'त्वरण' म्हणून शिकलेली गोष्ट विज्ञान शाखेत 'ॲक्सिलरेशन' होऊन समोर आली, तेव्हा ती आपली जुनी ओळखीचीच आहे हे कळायला आमच्यातल्या एकाला दोन महिने लागले. मी कला शाखेत, मराठीच्या तासाला सुरक्षित असेन असे वाटले होते. पहिल्याच आठवड्यात उभा राहून वाचताना माझ्या तोंडून 'पानी' गेले आणि मागच्या दोन बाकांवर हसू फुटले. त्यानंतर वर्षभर मी वर्गात तोंड उघडले नाही. पुढे भाषाशास्त्र वाचले तेव्हा समजले, की न आणि ण यांचा हा भेद मराठीच्या कितीतरी बोलींत नाही. त्यात अशुद्ध असे काही नसते, एका वर्गाची बोली प्रमाण ठरली इतकेच. हे ज्ञान तेव्हा हाताशी असते तर मी गप्प बसलो नसतो. कँटीनमध्ये 'टीटीएमएम' चाले, तुझे तू माझे मी. ही समानता मोठी सोयीची. ज्याच्या खिशात फक्त लोकलचा पास असे तो 'भूक नाही' म्हणून बाहेर उभा राही, आणि ओळखी तर कँटीनमध्येच होत.

मग शिष्यवृत्तीची खिडकी. 'आडनाव काय? ठाकुर्लीत नेमके कुठे?' या प्रश्नांमागचा प्रश्न आम्हाला कळत असे. आमच्या घरी धर्म बौद्ध. महाराष्ट्र सरकारने नवबौद्धांना 1960 पासून सवलती दिल्या, केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत मात्र बौद्ध आले 1990 साली. या तीस वर्षांत अर्जाच्या धर्म आणि जात या दोन रकान्यांत काय लिहायचे यावरून खिडकीच्या दोन्ही बाजूंना गोंधळ असे. नंतर मंजूर नावांची यादी नोटीस बोर्डावर लागे, आणि तोवर ज्याला ठाऊक नव्हते त्यालाही ठाऊक होई. पैसे मात्र वर्ष सरत आले की येत.

हे सगळे सोसता येते. मला खरे सांगायचे आहे ते माझ्या शेजाऱ्याविषयी. शाळेत तो माझ्या पुढे, गणितात तर फारच पुढे. वाणिज्य शाखेला गेला, बारावी झाला. 1981 साली पदवीच्या पहिल्या वर्षाच्या निकालात त्याच्या नंबरापुढे 'एटीकेटी' आले. दोन विषय राहिले होते. या अक्षरांचा अर्थ इतकाच, की पुढच्या वर्गात बसा आणि राहिलेले विषय पुन्हा द्या. पण आम्ही शाळेतून आलेलो. विषय राहिला म्हणजे नापास, नापास म्हणजे वर्ष गेले. त्याने घरी तसेच सांगितले. बाप म्हणाला, आणखी एक वर्ष पोसायची ऐपत नाही. पुढच्या महिन्यात तो डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागला. अक्षरांचा अर्थ मला कळला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. त्याची बुद्धी कमी पडली नव्हती, मेहनतही नाही. एक वाक्य त्याला कोणी सांगितले नाही. कॉलेजने सांगायला हवे होते. पण कॉलेजच्या लेखी ते सगळ्यांना ठाऊकच होते.

म्हणून 'जुळवून घ्या' हा उपदेश मला अर्धवट वाटतो. बाबासाहेबांनी 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा प्रश्न उलट बाजूने सोडवला. दिवसा नोकरी करणारा पोरगा कॉलेजच्या वेळेशी जुळवून घेऊ शकत नाही, तर कॉलेजने आपली वेळ बदलावी. तास सकाळी भरू लागले. विद्यार्थ्यांची 'पार्लमेंट' भरवली गेली, उभे राहून बोलण्याची सवय व्हावी म्हणून. माझ्यासारख्या एका शब्दाने मुक्या झालेल्या पोराला त्या पार्लमेंटचे मोल पदवीहून कमी वाटणार नाही. 1950 साली औरंगाबादला कॉलेज निघाले, तेच पुढचे मिलिंद. त्याच्याजवळ वसतिगृह आले, कारण खेड्यातून आलेल्या पोराला वर्गाइतकीच राहायच्या जागेची आणि सोबतीची गरज होती. तिथूनच लिहिणाऱ्यांची एक पिढी उभी राहिली.

कोणी म्हणेल, आता काळ बदलला. खिडकीच्या जागी महाडीबीटीचे संकेतस्थळ आले, यादी बोर्डावर लागत नाही. पण 2016 साली हैदराबादेत रोहित वेमुला आणि 2019 साली मुंबईत डॉ. पायल तडवी आपल्यातून गेले. ही दोघे फाटकात अडलेली पोरे नव्हती, फार आत पोचलेली होती. तेव्हा पोरांना नुसते आत जायला शिकवून भागत नाही. आत गेल्यावर कोणाकडे लेखी तक्रार करायची, तिची पोच कशी घ्यायची, हेही सांगावे लागते. यातले आपल्या हातचे जेवढे आहे तेवढे तरी करावे, म्हणून आम्ही जूनमधले दोन रविवार वस्तीतल्या विहारात बसतो. भाषण नसते. कॉलेजात शिकणारी पोरे नव्या पोरांना एकेक शब्द फोडून सांगतात. वर्गात जे विचारायची लाज वाटेल ते इथे विचारले जाते. गेल्या जूनमध्ये एका मुलीने विचारले, लेक्चरमधून मध्येच बाहेर जायचे तर सरांना विचारावे लागते का? कोणी हसले नाही.

माझा शेजारी आता निवृत्त आहे. नावे लिहून घ्यायला तो दाराशी बसतो. भिंतीवर जो कागद लावतो त्यावरची पहिली ओळ त्याच्या अक्षरात आहे : एटीकेटी म्हणजे नापास नव्हे, पुढच्या वर्गात बसायचे. त्याखाली उत्पन्नाचा दाखला कुठून आणायचा ते, जातपडताळणीचा अर्ज बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत करायचा ते, आणि ग्रंथालयाचे कार्ड पहिल्याच आठवड्यात काढायचे ते.