डोंगराआडचा रेडिओ

बैलगाडी घराच्या कोपऱ्याआड असली की दिसत नाही. पण गाडीवानाची हाळी मात्र आपल्याला ऐकू येते. असे का व्हावे? आवाज ही लाट आणि प्रकाश हीही लाटच. पण गाडीवानाच्या आवाजाची लाट हात-दोन हात लांब, तर प्रकाशाची मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही आखूड. अडथळ्याच्या मानाने लाट जितकी लांब, तितकी ती त्याला वळसा घालून पलीकडे पसरते. या वळण्याला शास्त्रात ‘विवर्तन’ म्हणतात.

लाटेचा प्रत्येक बिंदू स्वतःच नव्या लहानशा लाटा सोडीत असतो, असे हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६९० साली छापलेल्या ग्रंथात मांडले. त्यामुळे अडथळ्याच्या कडेवरून निघालेल्या लाटा आडोशातही शिरतात.

आता रेडिओकडे वळू. त्याच्या लहरी सेकंदाला सुमारे ३ लक्ष किलोमीटर धावतात. सेकंदाला १० लक्ष आंदोलने असली, तर एक लहर ३०० मीटर लांब भरते. ही झाली मध्यम लहर. एफएमची लहर जेमतेम ३ मीटर आणि मोबाइलची बहुधा हातभराहूनही आखूड.

सह्याद्रीची एखादी सोंड आडवी आली, की फरक कळतो. मध्यम लहर जमिनीला धरून धावते आणि धारेवरून वाकून खोऱ्यात उतरते. एफएमची लहर फारशी वाकत नाही; डोंगरामागे तिची सावली पडते. म्हणून असले मनोरे उंचावर बांधतात. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा उभा आहे तो याचसाठी.

शिक्षकांनी हे मुलांना तळ्याकाठी दाखवावे. पाण्यात रोवलेल्या काठीमागे लाटा लगेच जुळून येतात. मोठ्या खडकामागे मात्र पाणी संथ राहते.

हे ज्ञान अडीअडचणीला उपयोगी पडते. अतिवृष्टीत वीज गेली, मोबाइल मुका झाला, तरी मध्यम लहरींचे केंद्र टप्प्यात असेल तर सेलवरचा साधा रेडिओ खोऱ्यातही हवामानाचा इशारा सांगू शकतो. आवाज क्षीण वाटला, तर संच जागच्या जागी हळूहळू फिरवून पाहा. आतल्या एरियलची दिशा जुळली की आवाज सुधारतो. एफएम किंवा मोबाइल हवा असेल, तर डोंगराच्या सावलीतून बाहेर या. कधी कधी टेकाडावर चार पावले चढणेही पुरते.