लादी आणि तिचा सांधा
लादीचा रंग निवडण्यात आपले व्यापारी बांधव जितका वेळ देतात, तितका तिच्या सांध्याला देत नाहीत. गवंडी लाद्या भिडवून बसवू पाहतो. आम्ही ते मान्य करीत नाही. उष्णतेने लादी फुगते, म्हणून २ ते ३ मिलिमीटर सांधा सोडावाच. भिंतीची सच्छिद्र चकचकीत लादी सिमेंटवर लावण्यापूर्वी भिजवावी. व्हिट्रिफाइड लादी मात्र अर्धा टक्काही पाणी पीत नाही, तिला चिकटविण्याचा खास मसालाच हवा. कापलेले तुकडे दाराशी नकोत, भिंतीकडेला जावेत. न्हाणीघरात १०० इंचांस १ इंच उतार ठेवावा. पाणी साचले की जीवोत्पत्ती होते, आणि उघड्या फटीत वसलेल्या मुंग्यांची हिंसा रोजच्या केरसुणीनेच घडते. सांधा दुसऱ्या दिवशी भरावा. तत्पूर्वी प्रत्येक लादी नाण्याने ठोकून पाहावी. पोकळ वाजेल ती तेव्हाच उचलवून पुन्हा बसवून घ्यावी.