मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी धूसर का दिसतं? आधी ‘तिरका नंबर’ तपासून घ्या

लोणी भापकर (ता. बारामती) : मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट होतं, पट्टी निघते, उजेड लख्ख दिसतो, पण एसटीची पाटी काही वाचता येत नाही. मग घरात चर्चा सुरू होते, ‘ऑपरेशन फसलं.’ बऱ्याचदा ऑपरेशन फसलेलं नसतं, तर डोळ्यातला जुना तिरका नंबर तसाच राहिलेला असतो.

तिरका नंबर म्हणजे काय?
डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला कॉर्निया म्हणतात. तो चेंडूसारखा सगळीकडून सारखा गोल हवा. काहींचा तो अंड्यासारखा एका बाजूला जास्त वाकलेला असतो. त्यामुळे उजेड एका जागी जुळत नाही आणि अक्षरं पसरट दिसतात. चष्म्याच्या चिठ्ठीवर हा नंबर ‘सिलिंडर’ म्हणून लिहितात आणि शेजारी ‘अॅक्सिस’ म्हणजे त्याची दिशा असते.

ऑपरेशनमध्ये काय करता येतं?
मोतीबिंदू काढून आत कृत्रिम लेन्स बसवतात. साध्या लेन्सने तिरका नंबर जात नाही, त्यासाठी ‘टोरिक’ लेन्स असते. साधारण एक नंबर किंवा त्याहून जास्त तिरकेपणा असेल तर डॉक्टर तिचा विचार करतात. कमी असेल तर छेद कुठे द्यायचा हे ठरवूनही थोडा फरक पाडता येतो.

टोरिक लेन्स ठरलेल्या दिशेलाच बसावी लागते. ती एक अंश फिरली तर सुमारे तीन टक्के फायदा कमी होतो. १० अंश फिरली तर एक तृतीयांश जातो, आणि ३० अंश फिरली तर काहीच उरत नाही. आडवं झाल्यावर डोळा थोडा फिरतो, म्हणून डॉक्टर पेशंटला बसवूनच डोळ्यावर खूण करतात. नंतर लेन्स सरकलीच, तर पहिल्या काही आठवड्यांत ती पुन्हा जागेवर आणता येते.

शेतकऱ्यांनी काय सांगावं?
ऊन-धुळीत काम करणाऱ्यांच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांस वाढतं. त्यानेही तिरका नंबर येतो. ते मोठं असेल तर आधी काढून, डोळा स्थिर झाल्यावरच लेन्सचं माप घेणं बरं. उसाचं पान किंवा काटा लागून डोळ्यात फूल पडलं असेल, तर कॉर्निया वेडावाकडा होतो. अशा डोळ्याला टोरिकचा भरवसा देता येत नाही. त्यामुळे जुना मार डॉक्टरांना जरूर सांगावा.

निव्वळ चष्म्याच्या नंबरावर लेन्स ठरवू नये. मोतीबिंदूमुळे आलेला तिरकेपणा मोतीबिंदूबरोबर निघून जातो, कॉर्नियाचा मात्र राहतो. म्हणून कॉर्नियाचं मशीनवरचं माप महत्त्वाचं.

खर्चाचं काय?
टोरिक लेन्स साध्या लेन्सपेक्षा महाग असते. मोफत शिबिरांत साधारणपणे साधीच लेन्स बसवतात. तीही वाईट नाही. ऑपरेशननंतर डोळा स्थिर झाला की चष्म्याने तिरका नंबर भरून निघतो. त्यामुळे केवळ टोरिकसाठी कर्ज काढायची किंवा पिकलेला मोतीबिंदू तसाच ठेवायची गरज नाही. टोरिक बसवली तरी जवळचं वाचायला बहुतेकांना चष्मा लागतोच.

ऑपरेशनआधी तीन प्रश्न विचारा : माझ्या कॉर्नियाचा तिरका नंबर किती? टोरिकने त्यातला किती जाईल? साधी लेन्स बसवली तर चष्मा कितीचा लागेल? उत्तरं कागदावर लिहून घ्या आणि घरच्यांना दाखवूनच निर्णय घ्या.