ड्रिझल, मिझल आणि स्मर

बारीक पावसाला इंग्रजीत ड्रिझल म्हणतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. हवामानशास्त्रात मात्र त्याची मोजून-मापून केलेली व्याख्या आहे: थेंबाचा व्यास ०.५ मिलिमीटरपेक्षा कमी. असे थेंब खालच्या स्तरमेघांतून पडतात. पडतात कसले, तरंगत उतरतात. इंग्रजीतला शॉवर म्हणजेही अशीच हलकी सर, हा समज मात्र चुकीचा. शॉवर अचानक येतो, अचानक थांबतो आणि मधल्या वेळात चांगला झोडपूनही काढतो.

खरी गंमत बोलींत. इंग्लंडमध्ये डेव्हन-कॉर्नवॉलकडे धुकट भुरभुरीला मिझल म्हणतात. मिस्ट आणि ड्रिझल जोडून तो शब्द झाला असं ऐकायला छान वाटतं, पण लेखी पुराव्यांत मिझल १५व्या शतकातच, ड्रिझलच्याही आधी सापडतो. स्कॉटलंडमध्ये अशाच बारीक पावसाला स्मर म्हणतात.